प्लास्टिकच्या मासोळीखाली

बपेरा
२० मार्च २०२५

टिकाराम,

तुही खुशाली पुसायले हे पत्र नाही लिहून राहिले. तुही खुशाली म्या मोबाइलात पाह्यली. परवा मी भात पसवत होते तं राखीनं, माह्या सुनेनं, मोबाइल समोर धरला अन् पुसलं, आई, हे तुमचे साकोलीवाले भाऊच ना?

पाह्यते तं निळ्या पाण्यात छातीइतका बुडालेला तू. डोस्क्यावर रबराची टोपी, दोन्ही दंडाले फुगे बांधलेले, अन् वरतून बैलबंडीएवढी प्लास्टिकची मासोळी तोंड वासून पाहून राहिली. समोर एक जवान पोट्टी तुहे दोन्ही हात धरून उभी. खाली लिहिलं होतं, वॉटर पार्कमधले आनंदाचे क्षण. सहासष्ट वर्षाचा गडी, छत्तीस वर्षं एस.टी.त काढलेला, अन् आनंदाचे क्षण. मले वाटलं जमीन फाटावी अन् तो मोबाइल तिच्यात जावा.

तुह्या भाऊजीले जाऊन चार महिने झाले. धान कापणीच्या दिवसात देवाजी गेले, तुले माहीत आहे, निरोप पोचला होता. तेरवीले अख्खं बपेरा जेवून गेलं. नदीपलीकडून, मध्यप्रदेशातून सोयरे आले. एक भाऊ आहे मले, दुसरा नाही, तो तेवढा नाही आला. तेरवीले विधवा बाईच्या खांद्यावर माहेरचं पातळ पडते, हे काय तुले मी शिकवू? दोन वाजेपर्यंत सारे ताटकळले. मी दारात उभी. मग शेजारच्या तुळसाच्या भावानं, ज्याचा माह्याशी काही संबंध नाही, आपल्या हातानं पातळ टाकलं माह्या खांद्यावर. लोकाच्या भावाचं पातळ नेसले मी.

अन् मौतीच्या दुसऱ्या दिवशी म्या फोन लावला तं तू उचलला, पण बोलला नाही. मी 'टिकाराम, टिकाराम' करत राह्यले. साकोलीच्या बसस्टँडवर भोंग्यातून बोंबलणारा तू, तुमसरची बस फलाट नंबर तीनवर लागली म्हणून. बहिणीसाठी एक शब्द निघाला नाही. तवापासून मी ठरवलं, ह्याले फोन नाही करायचा. लिहीन. सातवी पास आहे मी, विसरू नको.

पोहून झालं असंन तं जवाब देजो.

पार्वताबाई


साकोली
२९ मार्च २०२५

बाई,

नमस्कार. तू स्वीकारणार नाहीस, तरी लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

आधी फोटोचं. तो पार्कवाल्यानं मला न विचारता काढला. आनंदाचे क्षण हे त्याचं लेखन, माझं नव्हे. मला कमरेचं दुखणं आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर पाण्यातला व्यायाम लिहून दिला. आमच्याकडे त्यासाठी वेगळा हौद कुठून असणार? म्हणून रुचिता नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हायवेवरचा वॉटर पार्क सकाळी सात ते आठ मागून घेतला आहे. थंडीत पाणी गार असतं, म्हणून फेब्रुवारी संपल्यावर सुरू केलं. तर आता आमच्या उपचारांच्या डोक्यावर घसरगुंडी, बाजूला सोंडेतून पाणी टाकणारा हत्ती, आणि भिंतीवर पाटी, की साडी नेसून पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. कौशल्याबाई नावाच्या पेशंट रोज त्या पाटीखालून लुगडं नेसून उतरतात. लुगड्यात हवा भरते आणि बाई मधोमध तंबूसारख्या फुगतात. पार्कवाला तोंड दुसरीकडे करतो.

रुचिता बाई सव्वीस वर्षांच्या. आधी थर्मामीटर पाण्यात बुडवतात, मग आम्हाला. मग म्हणतात सरळ चाला, आडवे चाला, उलटे चाला. एक पाऊल टाकलं की म्हणतात, काका, व्हेरी गुड. मी उन्हाळी गर्दीत दिवसाला दीडशे गाड्या वेळेवर सोडल्या, मला डेपो मॅनेजरनं कधी व्हेरी गुड म्हटलं नाही. ही पोरगी एका पावलाला म्हणते. कारध्याचे चिंधू म्हणून एक आहेत. सारा जन्म वैनगंगेत जाळं टाकलं, आता लकव्यानं डावी बाजू गेली. त्यांना ही शिकवते, काका, पाण्याला घाबरायचं नाही. चिंधू तिच्याकडे एकदा बघतात, माझ्याकडे एकदा बघतात आणि पुढचं पाऊल टाकतात. असा तो सगळा तमाशा आहे. तुला त्यात नाच दिसला असेल तर तो तुझ्या नजरेचा दोष.

तेरवीला येता आलं नाही. कारण होतं. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पातळाची रीत मला माहीत आहे, तू शिकवायची गरज नव्हती.

तुझा भाऊ,
टिकाराम


बपेरा
८ एप्रिल २०२५

टिकाराम,

तुहं पत्र वाचायले शाळेतल्या गुरुजीकडून भिंग मागून आणावं लागलं. वरती 'बाई' लिहिलं तवा अक्षर मुंगळ्याएवढं, मधात मुंगीएवढं, अन् पातळाच्या गोष्टीपाशी आलं तं नुसती धूळ. एवढी कंजुषी? शाई तुह्या सासऱ्यानं देल्ली होती का? बसस्टँडवरच्या फळ्यावर तू गाड्यांचे टाइम लिहे, ते सडकेपलीकडच्या हॉटेलातून वाचता येत. बहिणीसाठी मातर चिल्लर अक्षर.

अन् कमर दुखते तं निरगुडीचा पाला बांध, शेक घे. कमरेसाठी टोपी घालून मासोळीखाली कोण जाते? म्या राखीले पुसलं, तिले बी नाही पटलं.

पाण्यात उलटं चालणं हा व्यायाम होय, हे वाचून तं मले हसू आलं. चार महिन्यांनी पहिल्यांदा हसले, त्याचं श्रेय घे. दहा वर्षाची होते तवापासून धानाचा रोवणा करते मी. साठ वर्षं, बाप्पा. दरसाल आषाढात गुडघाभर चिखलपाण्यात, कमरेतून वाकून, हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची पेंडी, अन् सकाळपासून दिवस बुडेपर्यंत मागं मागं. आम्हाले कोणी थर्मामीटर नाही बुडवला. कोणी व्हेरी गुड नाही म्हटलं. उलट शेताचा, बांधीचा मालक काठाच्या धुऱ्यावर उभा राहून ओरडे, हात चालवा. तुह्या पोट्टीले सांग, भंडारा जिल्ह्यातल्या साऱ्या बाया उलट्याच चालत आल्या, त्यायले कोणता रोग होता म्हणा?

कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही म्हणते. मंग कायमंदी लिहिण्यासारखं आहे? दगडावर?

पार्वताबाई


साकोली
२० एप्रिल २०२५

ती. बाईंस,

सा. नमस्कार. आपले पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आपण अक्षराबद्दल जी सूचना केली ती योग्यच आहे. यापुढे काळजी घेतली जाईल.

माझी तब्येत उत्तम आहे. व्यायाम नियमित सुरू असून त्याचा चांगला लाभ होत आहे. घरी वीरेंद्र, शुभांगी व सर्व मंडळी खुशाल आहेत. उन्हाळा फार आहे, आपण दुपारी बाहेर पडू नये. भाऊजींची उणीव आम्हां सर्वांस सदैव जाणवते. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला नम्र बंधू,
टिकाराम


बपेरा
३० एप्रिल २०२५

टिकाराम,

हे पत्र तुह्या सुनेनं लिहिलं. शुभांगीचं अक्षर मोत्यासारखं आहे, तिले शाबासकी देजो. पण माहा भाऊ म्हणून नोकरीवर तिले ठेवू नको. 'आपला लोभ वृद्धिंगत व्हावा' असं तू जन्मात मले म्हटलं नाही. तू मले लहानपणी खापरतोंडी म्हणे. वाचून आनंद झाला म्हणते! म्या त्या पत्रात तुह्या इज्जतीच्या चिंध्या केल्या होत्या अन् तुले आनंद झाला? मोठा साहेब, आता बहिणीले पत्र बी दुसऱ्याच्या हातानं.

एक गोष्ट मी पोटात ठेवली होती. ती आता काढते.

तेरवीच्या दिवशी, बाराच्या सुमाराले, एक पांढरी गाडी आमच्या दारासमोर येऊन थांबली. मी दारातच होते, पण मांडवाचा पडदा आड होता. तुळसा नळावर होती, तिनं सारं पाह्यलं. गाडीचं दार उघडलं. काळा पालिश केलेला बूट घातलेला एक पाय बाहेर आला, जमिनीवर टेकला. बराच वेळ तसाच राह्यला. मंग तो पाय आत गेला, दार लागलं, गाडी वळली अन् निघून गेली. तुळसा मले म्हणे, तुह्या भावानं आंगणातला चिखल पाह्यला अन् बूट खराब होईन म्हणून उतरला नाही वं. म्या तिले चार माणसांत खोटी पाडली. म्हटलं, माहा भाऊ असा नाही, तो कोणी दुसरा असंन, रस्ता चुकला असंन. तिच्याच भावाचं पातळ खांद्यावर घेऊन तिले खोटी पाडली.

आता तू सांग, तो पाय कोणाचा होता. तुह्या हातानं लिही. नाही लिहिलं तं समजीन की मले भाऊ नाही, अन् मंग ह्या पत्त्यावर कार्ड बी नको टाकू.

पार्वताबाई


साकोली
९ मे ते १५ मे

बाई,

हे पत्र मी सात दिवस लिहून राहिलो. रुचितानं मोठ्या रेघांची वही दिली आहे, पहिलीच्या लेकरांची. दोन रेघांमध्ये अक्षर बसवायचं, वरची रेघ शिवली पाहिजे. दिवसाला पाच-सात ओळी झाल्या की हात लहान लहान होत जाते, मग वही बंद. कंजुषी नाही, बाई. हात ऐकत नाही.

तो पाय माझा होता.

कंबर वगैरे काही नाही. पार्किन्सन म्हणते डॉक्टर. कंपवात म्हण. तीन वर्षं झाले. पहिले उजवा हात हलायला लागला, तो मी खिशात ठेवला. मग अक्षर बारीक झालं, पत्र लिहिणं सोडलं. मग आवाज गेला. जिथं छत्तीस वर्षं बोललो तिथं चहावाल्याले दोनदा सांगावं लागते. त्या दिवशी फोनवर मी बोललो होतो. 'बाई, मी येतो' असं तीनदा म्हटलं. तू टिकाराम, टिकाराम करत राहिली. शुभांगी बाजूलेच होती, तिलेही ऐकू नाही गेलं.

आता पायाचं. मैदानात मी चालतो, हळू, पण चालतो. दार आलं की पाय चिकटते. उंबरठा दिसला की खिळे ठोकल्यासारखा उभा राहतो. डोकं म्हणते चल, पाय म्हणते नाही. मागून कोणी ढकललं तर तोंडावर पडतो. घरातही न्हाणीच्या दारात अर्धा अर्धा तास उभा राहिलो आहे. फलाटावरची गाडी कंट्रोलरनं सोडायची असते, आणि कंट्रोलरच्या पायाले सोडणारा कोणी नाही. हसायचं तर हस.

तेरवीले आलो होतो. नवे बूट घातले होते. पातळ मांडीवर होतं. वीरेंद्रनं गाडी थेट दारापुढं लावली. मी एक पाय खाली ठेवला आणि मांडवाच्या पडद्याखालून तुझा उंबरठा दिसला. मांडवात पन्नास माणसं बसली होती. पाय धरला जमिनीनं. वीरेंद्र म्हणे पप्पा, चला, मी उचलतो. मले लहान लेकरासारखं उचलून भाऊजीच्या तेरवीत ठेवलेलं साऱ्या गावानं पाहावं, हे मले सोसलं नाही. मी म्हटलं गाडी वळव. चिखल होता की नव्हता, मले आठवत नाही.

पातळ कपाटात आहे. शुभांगी त्यात डांबरगोळ्या टाकते.

पाण्यात मातर पाय माझे असते. तिथं पडायची भीती नाही, पाणी चारीकडून धरून ठेवते. गरम पाण्यात आंग मोकळं होते. उलटा चालतो, आडवा चालतो, पायरी चढतो. बाहेर आलो की दोन-चार तास बरं, मग पुन्हा पाय सरकारी. ती पोरगी खोटं बोलत नाही. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, काका, हे बरं होणार नाही, आपण फक्त त्याले लवकर जिंकू देणार नाही. परवा चिंधूले तिनं पाठीवर तरंगवलं आणि हात काढून घेतला. तो मासे धरणारा गडी ढसाढसा रडला. म्हणे, दोन वर्षांनी दोन्ही बाजू सारख्या वाटल्या. मी तोंड फिरवलं. मले असलं पाहवत नाही.

एकच सांगतो. दया लिहून पाठवली तर पत्र फाडून टाकीन.

टिकाराम


बपेरा
६ जून २०२५

टिकाराम,

तीन हप्ते जवाब नाही देल्ला. दया जमा करत होते असं समजू नको. राग जमा करत होते.

लाज वाटली तुले. माह्या घरातून माणूस गेलं, मी भुईवर बसली होती, अन् तुले माह्या दारात लाज वाटली? कोणाची? तुळसाची? जिचा नवरा पोळ्याले पिऊन गावातल्या साऱ्या कुत्र्यांसंग भांडते, तिची? तू लेकरू होता तवा तुले कडेवर घेऊन मी तलावावर धुणं धुवायले जात होते. एका हातात तू, एका हातात टोपलं. मी उचललेला तू, अन् पोरानं उचललं तं आकाश कोसळलं असतं. पन्नास माणसं काय, पाचशे असते तरी मी म्हटलं असतं, ठेवा त्याले माह्या बाजूले.

तीन वर्षं सांगतलं नाही. एवढा मोठा माणूस तू, की तुहा रोग बी आम्हा गावच्या लोकाले सांगण्यालायक नाही. तुहा भाऊजी मरेपर्यंत पुसे, टिकाराम काहून नाही येत आता? मी म्हणे, साकोलीचा झाला तो. त्या बिचाऱ्याले खोटंच घेऊन जावं लागलं. हे मी तुले माफ करणार नाही. लिहून ठेव, मोठ्या रेघांच्या वहीत.

आता कामाचं ऐक. तुहं पत्र घेऊन मी बांधीवर गेल्ते. पऱ्हे टाकाची तयारी सुरू आहे. धुऱ्यावर बसून इचार केला. रोवण्यात आम्ही सामोरं काहून नाही चालत? सामोरं चाललं तं लावलेलं तुडवल्या जाते, म्हणून. पण आणखी एक आहे. रोवणारी बाई मागं पाहत नाही. पाह्यलं तं डोस्क्यात येते, अजून एवढी बांधी बाकी आहे, अन् कमर तिथंच बसते. जे झालं तेच डोळ्यापुढं राह्यते. मागं धुरा आला की टाचेले समजते, डोळ्याले नाही. तुले उंबरठा दिसते म्हणून पाय चिकटते नं? तं पाहू नको. उलटा ये. पाण्यात जमते तं दारात काहून नाही जमणार? त्या पोट्टीले पुस. नाही म्हणाली तं माह्याकडून सांग, तिनं साठ रोवणे केले का?

पण आधीच सांगून ठेवते. मी तुले घ्यायले दारात येणार नाही. तेरवीले पुरती उभी राह्यले. आता आतल्या बाजेवर बसून राहीन. भाऊ असशील तं आत येऊन पातळ देजो. नाही तं डांबरगोळ्यांसंग तुह्याच कपाटात राहू दे.

पार्वताबाई


साकोली
२७ जून २०२५

बाई,

हेही पत्र चार दिवसांचं आहे.

तुझं म्हणणं रुचिताला वाचून दाखवलं. म्हणजे शुभांगीनं वाचलं, मी बाजूला उभा. साठ रोवण्यांपाशी ती हसली. म्हणाली, काका, पाण्याबाहेर उलटं चालणं धोक्याचं, तुमचा तोल मागंच जातो. पुढून दोन्ही हात धरणारा आणि मागं उभा राहणारा असे दोघं असल्याशिवाय करायचं नाही. मग पार्कच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आमचं शास्त्र सुरू झालं. तिनं हात धरले, वीरेंद्र मागं. पहिल्या दिवशी मी त्याच्या अंगावर बसलो. दुसऱ्या दिवशी दाराला टाच लागली आणि पाय आपोआप वर उचलला गेला. चिंधू बाकावर बसून होते. रडले त्या दिवसानंतर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, खेकडा झाला. त्या माणसाची वाचा परत आली ती अशी, माझी टिंगल करायला.

रोज नाही जमत. पाचातून तीनदा जमते, दोनदा नाही. रुचिताला कारण माहीत नाही आणि ती तसं स्पष्ट सांगते. हा तिचा एक गुण आहे, बाकी ते व्हेरी गुड अजून चालूच आहे.

आजपासून हौद बंद. पावसात पाणी थंड आणि गढूळ होतं, पार्कही बंद होतो. दिवाळीच्या आधी पुन्हा उघडेल. तोपर्यंत घरी खुर्ची धरून व्यायाम. चार महिन्यांत शरीर किती मागं जाईल ते कोणी सांगत नाही. आज पाचातून तीन आहे. दिवाळीला पाचातून किती, माहीत नाही. म्हणून मी थांबत नाही. जुलैत येतो. तुमचा रोवणा सुरू असेल, गाव शेतावर असेल, बघायला कमी लोक असतील, असाही हिशेब केला आहे. एवढी लाज मला राहू दे.

तू बाजेवरच बस. हात धरायला वीरेंद्र आहे, मागं शुभांगी आहे. तुझी गरज नाही.

टिकाराम


बपेरा
२७ जुलै २०२५

टिकाराम,

पोचल्याचा फोन शुभांगीनं केला, समजलं. तरी लिहून राहिले. काहून का परवा माह्या घरात जे झालं ते तुले दिसलं नाही, घराकडे तुही पाठ होती. जाच्या पाठीमागं तमाशा होते त्यालेच तो दुसऱ्यानं सांगावा लागते.

पहिलं म्हणजे तुहा हिशेब चुकला. गाव शेतावर नव्हतं. पाणी जोरात आलं म्हणून बाया बांधीतून लवकर निघाल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोस्क्यावरून पाठीवर पावसाच्या मोऱ्या, अन् बरोबर त्याच टाइमाले तुही गाडी आली. पंधरा बाया सडकेवर उभ्या राह्यल्या. सामोरी तुळसा, दुसरं कोण असंन.

मी बाजेवर बसली होती. बोलल्यासारखी. दार समोरच दिसते तिथून. शुभांगी आत येऊन उभी राह्यली. मंग दारात तुही पाठ आली. पांढरा सदरा, घामानं चिकटलेला. खांदे वाकलेले. मले एकदम वाटलं आपला बाप उभा आहे, म्हातारपणचा. वीरेंद्र बाहेरून तुहे हात धरून पप्पा, चला, पप्पा, चला करत होता. टाच उंबरठ्याले लागली अन् तिथंच राह्यली. पाचातला दोनवाला दिवस, तो निघाला. तू काहीतरी बोलत होता, मले ऐकू नाही आलं. मी मोजलं नाही, पण लय वेळ झाला. वीरेंद्र म्हणे, पप्पा, गाडीत बसायचं का?

ते शब्द कानावर पडले अन् माही बसायची ताकद संपली. दुसऱ्यांदा ती गाडी माह्या दारातून वळू देणार नव्हते मी. पण दार तं तू अडवून उभा. बाहेर कसं जावं? मंग मी मागच्या दारानं निघाले. सांदवाडीतून, शेणखताच्या खड्ड्याजवळून, तुळसाच्या घराच्या बाजूच्या बोळीतून, एकाहत्तर वर्षाची बाई, लुगडं खोचून पळाले. चप्पल बोळीतच राह्यली, अजून सापडली नाही. सडकेवर आले तं साऱ्या बाया माह्याकडे पाहून राहिल्या. वीरेंद्रले म्या बाजूले केलं. तुहं तोंड तवा पाह्यलं, दोन-तीन वर्षांनी. बारीक झालं आहे. तू म्हणे, तू तं बाजेवर बसणार होती. मी म्हटलं, चूप.

तुहे हात धरले. थंडे होते. म्या म्हटलं, मागचं पाहू नको, माह्याकडे पाह्य. अन् रोवण्यात आम्ही म्हणतो तसा ताल धरला, नुसता हुं, हुं. लाज नाही वाटली. दोनदा म्हटलं असंन, तं सडकेवरून आवाज आला. तुळसा होती. ती बी हुं करत होती. मंग साऱ्याच. पंधरा बायांचा ताल, भर सडकेवर, जसं बांधीत उभ्या आहो. तू डोळे मोठे करून माह्याकडे पाहत होता अन् टाच उचलली. उंबरठा पार. दुसरा पाय पार. मंग मी, तुह्यासंगं, सामोरी.

अन् आत येऊन तुले पहिली काळजी काय, तं बाहेर कोण कोण होतं. सुधारणार नाही तू.

पातळ तू आपल्या हातानं टाकलं. हात हालत होता म्हणून दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बसलं. वास इतका डांबरगोळ्यांचा की मले ठसका लागला, रडले असं समजू नको. रंग बी तू काय निवडला, राखाडी. दुकानात दुसरं नव्हतं का? तुळसाच्या भावाचं पातळ म्या काल तिले परत नेऊन देल्लं. धुऊन, घडी करून. म्हटलं, माहा भाऊ येऊन गेला. ती म्हणे, पाह्यलं वं, अख्ख्या गावानं पाह्यलं. अन् ठेवून घेतलं. माफी म्या बी नाही मागतली, तिनं बी नाही.

दिवाळीपहिले हौद उघडला की जाजो. खुर्चीचा व्यायाम बुडवू नको, मी शुभांगीले पुसत राहीन. त्या रुचितालेही सांग, एकदा रोवण्यात ये, आम्ही तुले व्हेरी गुड म्हणू.

एक राह्यलं. माहेरचं माणूस येऊन गेलं की जातानी त्याची पाठ पाह्यची सवय असते बाईले. वळणापर्यंत पाठ, मंग रिकामी सडक. जनमभर तसंच पाह्यलं, बापाची, मायची, तुही. परवा तू जातानी बी उलटाच गेला. शुभांगी मागून, वीरेंद्र बाजूनं धरून, मी दारात, अन् तू माह्याकडे तोंड करून, एक एक पाऊल. गाडीत बसेपर्यंत तुहं तोंड मले दिसत राह्यलं.

पार्वताबाई